कातरबाईचं दुखणं

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे कातरबाई म्हणत. कापड बेतण्यात तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. पण जेवणाच्या सुट्टीची बेल कर्कश वाजली, की कधीकधी ती उभ्याउभ्या कोसळायची. मिनिटभरात शुद्धीवर यायची, तेव्हा भोवती हसणारी तोंडं दिसायची.

"सुट्टी हवी तर सरळ मागा की, बाई!" सुपरवायझर म्हणायचा.

डॉक्टरांचीही तीच तऱ्हा. एकाने अशक्तपणा म्हटलं, दुसऱ्याने फेफरं, तिसऱ्याने "मनाला लावून घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं. थोरली बहीण गजराच्या आवाजाने दचकून उठली आणि जागच्या जागी गेली, हे सांगून सांगून हिचं तोंड दुखलं. कोणी कानावरच घेईना.

शेवटी हृदयाच्या एका डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. हृदयाचा आलेख काढला, जनुक तपासायला रक्त पाठवलं.

"प्रत्येक ठोक्यानंतर पेशींच्या बारीक दारांतून पोटॅशियम बाहेर पडतं, मगच हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं," त्यांनी समजावलं. "त्या दारांची उघडझाप सांभाळणारं एक जनुक असतं. तुमच्या त्या जनुकात दोष आहे. दचकलात की ठोके भरकटतात. गोळ्या रोज घ्या, आणि घरातल्यांनाही तपासा."

ती तडक भावाकडे गेली. त्याची मुलगी चिमी शाळेच्या घंटेला दोनदा चक्कर येऊन पडली होती.

"झालं! तुझं दुखणं आता माझ्या पोरीच्या गळ्यात?" भाऊ उसळला.

"दादा, ताई कशाने गेली रे?"

"नशिबाने!" म्हणत त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिने विनवण्या केल्या, भांडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीवर डोकं आपटावं, असं तिला झालं.

दाराआडून ऐकणारी वहिनी मात्र आठवड्याभराने दाताच्या डॉक्टरांचं निमित्त काढून चिमीला दवाखान्यात घेऊन आली. पोरीचा आलेख आत्यासारखाच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दादाला कळलं तेव्हा त्याने बहिणीशी बोलणंच टाकलं.

कारखान्यातली बेल काही बदलली नाही. "एकट्या तुमच्यासाठी?" सुपरवायझरने विचारलं. सुट्टीच्या सुमाराला ती मुकाट्याने कानात बोळे घालू लागली.

वर्षभर चिमी एकदाही पडली नाही. तेव्हा दादा स्वतःहून बोलायला आला.

"बघ, काही नव्हतंच पोरीला! उगाच घाबरवलंस."

कातरबाईने कपाळावर हात मारला.

"गोळ्या बंद केल्यास तर याद राख," एवढंच ती म्हणाली.