सबनीस साहेबांचं सेंट्रल लॉक

काही लोकांचे किस्से आठवावे लागतात. सबनीस साहेबांचे किस्से लूमखाली तुटके धागे साचतात तसे साचायचे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग!

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याच्या एका मिलमध्ये डिस्पॅचला होतो. साहेब तिथे मेंटेनन्स इंजिनियर आणि मूळचे पुण्याचे. यातलं दुसरं ते न विचारता सांगायचे. आमच्यातला तिसरा म्हणजे आप्पा पाटील, लूमखात्यातला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. माणूस अमळनेरकडचा, बोलणं अहिराणी, राहायला डिंडोलीला.

तर साहेबांनी कतारगामच्या एका हिरेवाल्याकडून जुनी गाडी घेतली. गाडी बारा गावचं पाणी प्यालेली, पण तिला बाजारातून आणून सेंट्रल लॉक बसवलेलं होतं! त्या काळी हे म्हणजे घराला लिफ्ट असण्यासारखं. हिरेवाला म्हणाला, "एक चावी फेरवो साहेब, चारे दरवाजा बंध!"

तो खोटं बोलला नव्हता. बंद चारही व्हायचे. उघडण्याबद्दल तो काही बोललाच नव्हता.

* * *

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला आणि आप्पाला डिंडोलीच्या नाक्यावरून लिफ्ट दिली. मिलच्या गेटवर पोहोचलो तर फक्त ड्रायव्हरचं दार उघडलं! बाकीची तीन ढिम्म. आधी साहेब उतरले, मग गिअरवरून उडी मारत मी, मग पुढच्या सीटवरून आडवे होत आप्पा.

वॉचमन बघत होता. साहेब गंभीरपणे म्हणाले, "बाकीची दारं सिक्युरिटीसाठी आहेत."

* * *

पुढे नवीन खोड निघाली. रस्त्यात खड्डा आला की दारं आपोआप लॉक व्हायची. टक्! पुढच्या खड्ड्याला उघडायची. टक्! उधन्याचा रस्ता तेव्हा असा होता की गाडी सबंध वाटभर टाळ्या वाजवत जायची.

साहेब म्हणाले, "परदेशात गाडीनं स्पीड घेतला की दारं लॉक होतात. अ‍ॅडव्हान्स सिस्टिम आहे ती."

आप्पा मागून म्हणाले, "आपली तर खड्डा मोजस, साहेब!"

* * *

शेवटी गाडी नीलूभाईकडे गेली. नीलूभाई म्हणजे उधन्यातला ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याच्याकडे प्रत्येक रोगाला एकच औषध, ते म्हणजे "वांधो नथी!" एवढं म्हणून तो वायर कापायला घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. लॉक चालू झालं होतं, पण लॉक केलं की हॉर्न वाजायचा. चांगला लांबलचक!

साहेब वैतागले. पण मिलमध्ये आनंदीआनंद झाला. हॉर्न वाजला की साहेब आले, हे अख्ख्या खात्याला कळायचं. डुलक्या मोडायच्या, विड्या विझायच्या, लूमपुढे माणसं उभी राहायची. साहेबांना वाटलं, आपला वचक वाढला!

ते गाडी पुन्हा नीलूभाईकडे न्यायला निघाले तेव्हा आप्पा कळवळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना साहेब. कामनं शे ते!"

* * *

साहेबांनी ऐकलं नाही. नीलूभाईच्या हातून हॉर्न गेला आणि त्याबरोबर लॉकही गेलं. आता साहेबांनी स्वतः लक्ष घालायचं ठरवलं. "नीलूभाई, फॉल्ट असा ठोकून सापडत नाही. शास्त्रशुद्ध शोधावा लागतो!"

रविवार होता. साहेबांनी फ्यूज तपासला, ठीक. दारातली मोटर तपासली, ठीक. ड्रायव्हरचं दार उघडून स्विच दाबला, चारही दारांच्या खुंट्या झटक्यात खाली! साहेबांचा चेहरा फुलला. दार लावून दाबला, काहीच नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा टक्!

दार आणि बॉडी यांच्या मधल्या रबरी नळीत एक वायर तुटली होती. दार उघडलं की तिची टोकं जुळायची, लावलं की सुटायची. हे पुढे कळलं. त्या दिवशी साहेबांचा शास्त्रशुद्ध निष्कर्ष एवढाच होता, "दार उघडं असताना लॉक परफेक्ट चालतं."

नीलूभाई पान चघळत म्हणाला, "तो पछी दरवाजो खुल्लो राखीने लॉक करो ने!"

* * *

मग साहेबांच्या मुलीला, मेधाला बघायला धुळ्याहून पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आई-वडील. मेधाची ही पहिलीच वेळ नव्हती, त्यामुळे सबनीस वहिनींच्या जिवाला घोर लागलेला. मी म्हटलं, रिक्षा करा. साहेब म्हणाले, "घरात गाडी असताना?"

पाहुणे स्टेशनवरून आले ते थेट दारापर्यंत, आणि तिथेच राहिले. मागची दोन्ही दारं बंद! मुलाचे वडील असे भरघोस होते की पुढच्या सीटवरून येण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनी आरतीचं तबक धरल्यासारखा पाण्याचा ट्रे धरून उभ्या. आत तिघं घामाघूम.

मेधा घरातून आली. नेसलेल्या साडीचा पदर खोचला, पक्कड घेतली, पुढच्या सीटवर गुडघे टेकून मागच्या दाराची खुंटी पकडीत धरली आणि ओरडली, "बाबा, बाहेरून ओढा! आत्ता!"

दार उघडलं. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. वडील उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "सबनीस, मुलगी पसंत आहे. फक्त लग्नात ही गाडी देऊ नका!"

* * *

लग्न झालं, आणि गाडीनं कायमचा संप पुकारला. चावी फिरेना, एकही दार उघडेना. मिलच्या कुंपणाला लागून ती धूळ खात उभी राहिली आणि साहेब रिक्षानं येऊ लागले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेब नीलूभाईला घेऊन आले. मी आणि आप्पा बघायला गेलो. बघतो तर ड्रायव्हरच्या सीटवर एक अनोळखी इसम! मांडीवर अर्धा उचकटलेला कॅसेट प्लेअर. शर्ट घामानं चिंब. काच चार बोटं खाली येऊन अडकलेली, त्या फटीला नाक लावून तो श्वास घेत होता.

"चोर!" मी ओरडलो. तो हात जोडून म्हणाला, "पानी, भाई, पानी!"

आप्पांनी कँटीनमधून कोल्ड्रिंकची नळी आणून त्याला फटीतून पाणी पाजलं. नीलूभाई प्रत्येक दार ओढून बघत होता. एकही हलेना.

साहेब मात्र लालबुंद झाले होते. त्यांनी वॉचमनला हाक मारली नाही, पोलिसांचं नाव काढलं नाही. काचेला नाक लावून ते ओरडले, "आधी हे सांग, तू आत शिरलास कसा?"

नळी तोंडातून काढून तो म्हणाला, "साहब, खुला ही तो था. बंद किसने किया?"