व्याहाडच्या पुढचं भाषण

देशात विज्ञानाचा प्रसार कोणी केला हे देशातल्या जाणकारांनी ठरवावं. सावली तालुक्यात तो माझ्या साडूंनी केला, आणि तो करताना त्यांना जे अडथळे आले त्यांतला सगळ्यात चिवट अडथळा मी होतो. मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दहावीनंतर शाळेकडे फिरकले नाहीत. त्यांची उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही बहुतेक चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोली याच रस्त्यावर. ते नोकरीतून निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घरी आलेल्या पाहुण्याला कसे आहात हे विचारण्याआधी ते विचारतात, "बसून आले का उभ्यानं?" लग्नाच्या पंगतीत यजमानाच्या आधी त्यांचाच आवाज चढतो, "पुढं सरका, मांगं जागा द्या!" आणि नवरदेवाचे काका असोत की आमदार, सगळे मुकाट्यानं सरकतात. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा त्यांनी मांडवाच्या खांबावर टणकन एक ठोका दिला आणि भटजींनी पुढची तीन कडवी गाळली. त्यांच्या जगात एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चलू द्या. तिसरा नियम त्यांना लागला नाही.

ठोका द्यायचं हत्यार म्हणजे त्यांचा पंच. तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा. एसटीत तिकिटाची यंत्रं आली, पंचाचं काम संपलं, तेव्हा साहेबांनी आठवण म्हणून तो साडूंना देऊन टाकला. बिनकामाचा पंच खिशात घेऊन साडू वर्षभर अस्वस्थ फिरत होते. मग त्यांच्या हाती आमच्या विज्ञान महोत्सवाचं पत्रक पडलं.

हा महोत्सव चंद्रपूरला दर हिवाळ्यात भरतो. तीन दिवस, चार दालनं आणि माणसाला एका वेळी एकच कान देता येतो हे विसरून ठेवलेली व्याख्यानं. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून आमची समिती पत्रकात काही व्याख्यानांपुढे चांदणी छापते: आवर्जून ऐकावे असे. समितीत मी आहे. 'आकाशातील वीज: कारणे व स्वरूप' हे माझं व्याख्यान दर वर्षी असतं आणि त्याच्यापुढे दर वर्षी चांदणी असते. ती कोण लावतं हे मी सांगत बसत नाही. वाचक समजदार आहेत.

पण सावलीत चांदणीला कोणी विचारत नसे. लोक पत्रक घेऊन साडूंच्या घरापुढच्या छपरीत येत. साडू चष्मा चढवून समोरच्याला वरून खाली न्याहाळत आणि त्याला मानवेल त्या व्याख्यानापुढे पंच दाबत. भोक पडलं की झाली शिफारस. शेजाऱ्यांची फावडी, कुऱ्हाडी नेऊन कधीच परत न करणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी कृष्णविवराचं भोक पाडून दिलं. "तुह्यासाठीच हाय. तिथीबी गेलेलं वापस येत नाई." गुडघेदुखीच्या एका आजींना त्यांनी अंतराळयानाला पाठवलं, कारण त्या दालनातल्या खुर्च्या मऊ होत्या. आजी परत येऊन महिनाभर यानाबद्दलच बोलत होत्या. एका वर्षी अहेरीकडच्या एक बाई रानातल्या अळंब्यांवर बोलणार होत्या, कोणती खायची आणि कोणतीच्या वाटेला जायचं नाही. समितीनं, म्हणजे मीच, त्यांना जिन्याखालची खोली दिली होती. साडूंनी सावलीची अख्खी एसटी त्या खोलीत उतरवली. त्याच वेळी मोठ्या दालनात विश्वाच्या उत्पत्तीवर बोलणारे प्रमुख पाहुणे, मी आणि माइकवाला, असे आम्ही तिघेच विश्वात उरलो होतो.

व्याख्यानाची पारख करायची त्यांची रीत मला फार उशिरा कळली. ते दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसत आणि वक्त्याकडे पाहतच नसत. ऐकणाऱ्यांच्या माना पाहत. "झोपलेल्या पाशिंजरचा थांबा चुकते," असं त्यांचं म्हणणं. आणि वेळ? सावलीहून निघालेली गाडी व्याहाडला पोचेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटांत, वक्त्याची गोष्ट संपली पाहिजे. "व्याहाडच्या पुढं वैनगंगा हाय, साडभाऊ. तिथी लय लोक बुडाले." व्याहाड आलं की खुर्चीच्या पाठीवर पंचाचा एक ठोका पडे. माझ्या व्याख्यानाला तो दर वर्षी पडला. दोन कधीच नाही.

आणि भोकही कधी नाही. खोटं कशाला बोलू, मला ते भोक हवं होतं. डॉक्टरेटसाठी जेवढी धडपड केली नव्हती तेवढी मी या भोकासाठी केली. पत्रक त्यांच्या चहाच्या बशीखाली मुद्दाम विसरून आलो. बायकोकडून तिच्या बहिणीला, बहिणीकडून त्यांना, असा वशिला लावला. शेवटी एकदा लाज गुंडाळून सरळच विचारलं.

"भाऊ, माझ्या भाषणात कमी काय आहे?"

"कमी नाई, जास्त हाय," ते म्हणाले. "इथी बांधीत वीज पडून राह्यली, आन् तुम्ही घंटाभर ढगातच बसून राह्यता. लोकाले कुठी उतराचं ते तर सांगा."

मी रागावलो. पदार्थविज्ञान हे काही थांब्या-थांब्यानं जायचं शास्त्र नाही, असं घरी येऊन बायकोला सुनावलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी कोणती करू ते विचारलं.

मग गेल्या वर्षीची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली. साडूंचं धानाचं खाचर, त्यांच्या भाषेत बांधी, सावलीजवळ रस्त्याला लागून आहे. रोवणी बघायला म्हणून मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो आणि रोवणाऱ्या बायांना ढगातला विद्युतभार समजावत होतो. त्या मान डोलवत होत्या, पण ते चिखलात वाकल्यामुळेही असेल. एवढ्यात आभाळ काळं झालं आणि कडाड् असा आवाज आला. यापुढचं मी शपथेवर सांगतो. विजेवर इतकी वर्षं व्याख्यानं देणारा हा प्राध्यापक, छत्री तशीच उघडी धरून, बांधीतल्या एकुलत्या एक उंच मोहाच्या झाडाखाली पळत गेला आणि त्याच्या बुंध्याला बिलगला.

"साडभाऊ, उतरा! उतरा म्हंतो! तो थांबा नाई!" एवढा आवाज मी त्यांच्या तोंडून लग्नातही ऐकला नव्हता. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं, छत्री फेकली, आणि रस्त्यावरून चाललेल्या एसटीला आडवा हात केला. गाडी थांबली, तो हात ओळखत नाही असा ड्रायव्हर या रस्त्यावर अजून आलेला नाही. चिखलानं माखलेल्या बाया, साडू आणि सर्वांत शेवटी पदार्थविज्ञान, असे सगळे आत शिरलो. वीज मोहावर पडली असती तर गोष्ट रंगली असती. पण ती लांब कुठेतरी पडली. मोह अजून जागच्या जागी आहे. गाडीत साडूंनी डोकं पुसत शांतपणे विचारलं, "तुमच्या भाषणात झाडाचं काय हाय जी?"

"झाडाखाली थांबू नये, असं आहे," मी म्हणालो.

"आन् गाडीचं?"

"बंद गाडीत सुरक्षित. पत्र्याच्या टपामुळे."

"मंग सुरुवात इथून करा," ते म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मी भेटायला गेलो तेव्हा महोत्सवाची पत्रकं निघाली होती आणि सवयीप्रमाणे लोक छपरीत जमले होते. साडूंनी पंच उजव्या हातात धरून पाहिला. तो निसटून फरशीवर पडला. मग ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो उचलला, पत्रक मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बोट ठेवा जी, मी दाबतो."

साडूंचं डावं बोट कागदावरून हळूहळू खाली आलं आणि माझ्या नावापुढे थांबलं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अजी, नक्की ना?"

"नक्की," ते अडखळत म्हणाले. "आता हे... झाडाखाली जाऊन आले."

त्या दिवशी प्रत्येक पत्रकाला माझं भोक पडलं.

महोत्सवात दालन भरलं, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी चित्रफिती घरी ठेवल्या आणि सुरुवात मोहाच्या झाडापासून केली. रोवणीच्या बाया पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी माझ्या पळण्याची नक्कल करून दाखवली आणि मग वीज कडाडली की काय करायचं ते मला एकेक करून विचारलं. कोणाचीही मान पडली नाही. दाराजवळची शेवटची खुर्ची मात्र कोणी न सांगता रिकामी ठेवली होती. व्याहाड आलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि आपणहून थांबलो.

तिथून तडक सावलीला गेलो. साडू खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"गाडी... भरली?"

"लोक उभे होते, भाऊ."

त्यांचा चेहरा खुलला. मग लहान पोरासारखे रुसून म्हणाले, "मले नाई सांगत?"

मी खाटेशी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगू लागलो. त्यांना हसू आलं की ओठ एकाच बाजूला जात होते. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. व्याहाड आलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी गप्प झालो.

साडूंनी डावा हात उचलला आणि बोटांच्या पेरांनी खाटेच्या लाकडावर ठोका दिला. मी उठायला लागलो. तेवढ्यात दुसरा ठोका पडला.

मी पुन्हा बसलो आणि बोलत राहिलो. वैनगंगा कधी मागे पडली आणि गडचिरोली कधी आली, दोघांनाही कळलं नाही.