धुतलेला ब्रश

प्रयोगशाळेत पोलिसांचं पाकीट उघडलं, तर साबणाचा वास आला. आत लखलखीत टूथब्रश होता, दोन महिने बेपत्ता असलेल्या एका माणसाचा. नदीत सापडलेला देह त्याचाच का, हे त्यावरून ठरायचं होतं. त्याला ना मूलबाळ, ना रक्ताचं कुणी. जुळवून पाहायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आणि ब्रशवर डीएनए काही मिळेना.

त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. माझा आवाज जरा चढलाच. "ताई, ब्रश धुतलात?"

"साबण लावून, गरम पाण्यानं. दुसऱ्याच्या हातात उष्टं कसं द्यायचं, मॅडम?"

आम्हाला ते उष्टंच हवं असतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? माणसाची ओळख नावात, चेहऱ्यात असते असं आपण धरून चालतो. नदीनं चेहरा नेला की ती थुंकीत, घामात, उशीच्या मळात शोधावी लागते. आणि मायेचं माणूस नेमकं तेच रोज धुऊन टाकत असतं. मीही टाकते.

"घरी न धुतलेलं काही असेल? शर्ट, अभ्रा, कंगवा?"

ती ओशाळली.

"सगळं धुऊन ठेवलंय हो. आल्या आल्या त्यांना स्वच्छ लागतं."