साळूचा काटा

नातीचा भांग पाडायला साळूचा काटा हाती घेतला की शिरपूरजवळचा आमचा मळा आठवतो. साळू रोज रताळी उकरून खायची, तिचं बीळ मीच बाबांना दाखवलं. त्यांनी बिळाच्या तोंडाशी ओल्या कडब्याचा धूर केला. ती बाहेर आली तेव्हा अंगावरचे सगळे काटे ताठ उभे होते, वाळल्या शेंगांसारखे खुळखुळत होते. "बाबा, आंगावर धावून राह्यली का?" मी विचारलं. "नाही व माय, भेली ते. मानूस भेला का त्याच्या आंगावर काटा येते म्हन्तात, तो ह्यो असाच," म्हणत बाबांनी काठी उचलली. नंतर बिळातून पिल्लांचा बारीक आवाज येत राहिला. हा काटा मी तिथूनच उचलला. नात विचारते, "आजी, कुठून आणलास गं?" मी म्हणते, "बाजारातून."