राक्षसाशी घासाघीस

एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकाने मला फसवलं: खेळायला म्हणून बोलावलं आणि वळण लावून पाठवलं. वाशी स्टेशन नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या गच्चीवर तो गोष्ट सांगायचा, आम्ही चौघे त्या गोष्टीतले प्रवासी, आणि निकाल फाशावर. पूल अडवणाऱ्या राक्षसाशी मी तुर्भ्याच्या कांदाबाजारात रोज करतो तशी घासाघीस सुरू केली. इतरांना दरडावून तोंडच उघडू दिलं नाही. त्याने शांतपणे चष्मा पुसला, फासा उचलला आणि आमच्यातल्या गप्प बसलेल्या टायपिस्ट बाईंपुढे ठेवला. मग मला म्हणाला,

"शेठ, राक्षसावर ओरडा ना. सोबत्यांवर कशाला?"

बाईंनी राक्षसाला चक्क अंगाई गाऊन झोपवलं! आम्ही हसून गडाबडा लोळलो.

तेव्हापासून बाजारातही मी समोरच्याला आधी बोलू देतो. भाव पाडणारा माझा आवाज गेला, याचा जाब त्या चष्मेवाल्याने द्यायलाच हवा!