अर्ध्याच्या वर

केंटकीतल्या आमच्या डोंगराच्या कडेनं जी चाकांवरची घरं उभी आहेत, त्यांतली बरीचशी व्हर्लिन कॉडिलनं ओढून आणली. घर ट्रकला जोडायचं, वळणावळणानं वर चढवायचं, चाकं काढून खाली ठोकळे रचायचे आणि पोलादी पट्ट्यांनी जमिनीला आवळून टाकायचं, हा त्याचा धंदा. माझंही घर त्यानंच आणून ठेवलं. पुढे त्याचे गुडघे गेले, ट्रक विकला, आणि तो बायको ओमाबरोबर माझ्या शेजारीच राहिला. जागा बापाकडून आलेली, घर स्वतःचं.

खालच्या गावानं हद्द वाढवली आणि आम्ही बसल्या जागी गावकरी झालो. नियम आले. चाकांवरचं नवं घर आणायचं नाही. असलेलं राहू द्यायचं, पण अर्ध्याहून जास्त मोडलं तर दुरुस्ती नाही, हटवायचं. आम्ही म्हटलं, मोडतंय कशाला!

वसंतातल्या वादळात पॉपलरचं झाड त्यांच्या झोपायच्या खोलीवर आडवं झालं. ओमा स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती म्हणून वाचली. वारा पडला तसा व्हर्लिन दुखऱ्या गुडघ्यांनीच करवत घेऊन छपरावर चढला. झाड तोडून झालं, ताडपत्री बांधून झाली, तेवढ्यात केनी ब्रीडिंग आला. गावचा बांधकाम तपासनीस. लहानपणी ओमाच्या हातचा मक्याचा पाव खाऊन वाढलेला.

"काका, हात थांबवा," तो खालूनच म्हणाला.

"थांबवतो की. आधी तू पाऊस थांबव."

"अर्ध्याच्या वर गेलंय हो."

"डोळे फुटले का तुझे? एक खोली गेलीय. बाकी सगळं जागच्या जागी आहे. ऱ्होडा, सांग गं याला."

मी काही बोलायच्या आत केनी म्हणाला, "फुटांनी नाही मोजत काका. किमतीनं मोजतात."

ते कळायला आम्हाला जरा वेळच लागला. असलं घर मोटारीसारखं दरवर्षी उतरत जातं. व्हर्लिनच्या घराला सरकारदरबारी किंमतच उरली नव्हती. नुसतं छप्पर बदललं तरी खर्च अर्ध्याच्या वर.

गावच्या सभेत एक सभासद अगदी गोड बोलला. "आम्हाला तुमचीच काळजी आहे, ओमाबाई. ते काही राहण्याजोगं घर नाही."

"मग इतकी वर्षं मी कशात राहिले?" ओमानं विचारलं. त्यांनी पुढचा विषय घेतला.

हद्दीबाहेर नेऊ म्हटलं, तर पलीकडच्या तालुक्यात इतकं जुनं घर घेत नाहीत. राहता येईना, हलवता येईना. वादळात तुटलेली वीज गावाच्या परवानगीशिवाय जोडून मिळेना, आणि ओमाच्या अधू छातीला तर ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. मी माझ्या खिडकीतून लांब वायर टाकून दिली. काही आठवडे त्यावर निभावलं.

मग केनी माझ्या दारात आला. माझ्याकडे बघेना. "मावशी, ती वायर काढा. नाहीतर तुमच्या घरावरही नोटीस लावायला सांगतील मला."

"सांगू देत," मी म्हटलं. "तू लावणार का?"

पलीकडून ओमा सगळं ऐकत होती. धापा टाकत आली, माझ्या भिंतीतला प्लग तिनं स्वतः उपटला. "माझ्यापायी तुझं घर नको जायला," म्हणाली.

तिला लेक्सिंग्टन शहरात भाचीकडे ठेवलं, चौथ्या मजल्यावर. व्हर्लिन इथेच राहिला. दंड येत राहिले, हा तुळया बसवत राहिला. ओमाचा फोन माझ्याकडे यायचा, मी त्याला हाक मारायची.

"झालं का रे?"

"होत आलंय. तू जेवतेस ना?"

"इथे खिडकी उघडत नाही, व्हर्लिन. मला घेऊन जा."

"आणतो गं. छप्पर होऊ दे."

पानगळीच्या सुमारास छप्पर झालं. एक थेंब गळत नव्हता. तो केनीला हाताला धरून आत घेऊन गेला. केनीनं भिंतीवर हात फिरवला, म्हणाला, "काम चोख आहे, काका." आणि निर्णय बदलणार नाही तेही सांगितलं.

पहिला बर्फ पडायच्या आधी ओमा भाचीकडेच वारली. तिला आणून वरच्या कॉडिलांच्या दफनभूमीत पुरलं. घरी आल्यावर व्हर्लिननं कोट न काढता पहार उचलली आणि ज्या पट्ट्या त्यानंच आवळल्या होत्या त्या सोडवायला लागला.

"आज राहू दे ना," मी म्हटलं.

"गावाचं यंत्र येईल. त्यांचा हात नको लागायला."

नवं छप्परही त्यानंच उतरवलं. मध्येच केनी आला, जुने कपडे घालून, हातमोजे चढवून. व्हर्लिननं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू गाडीत जाऊन बस, पोरा," एवढंच म्हणाला. केनी बसला. शेवटचा पत्रा भंगारात जाईपर्यंत बसून होता.

आता व्हर्लिन भाचीकडे असतो, ओमा होती त्याच खोलीत. जागा अजून त्याचीच आहे. तिथे पक्कं घर बांधायला परवानगी आहे म्हणतात. गावानं गवत कापून ठेवलंय.

यंदा माझं छप्पर चुलीच्या वर गळायला लागलंय. खाली बादली ठेवली आहे. दुरुस्तीला माणूस बोलावलेला नाही. वर चढलेला माणूस रस्त्यावरून केनीला दिसतो.