पांढरीवरची मनकर्णा

पुष्पावतीबाईंना आजही आठवलं की हसू फुटतं. केडगाव सोडून नेवाशाकडच्या त्या खेड्यात शाळेवर आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मनकर्णाला चक्क चोर ठरवून टाकलं! एकाहत्तर सालचा वैशाख. गावाबाहेर पांढरीचं टेकाड, त्यावर भर उन्हात एक बाई, हातात कुदळ, इकडंतिकडं बघतेय अन् पदराखाली काहीतरी झाकतेय. बाईंनी मनातल्या मनात सोन्याचा हंडा काढला, वर नागसुद्धा बसवला. अहो, कसला हंडा! पदराखाली भाकरी होती अन् पाटीत माती. पाऊस यायच्या आत माळवदावर पांढरी माती पसरली की घर गळत नाही. सगळं गाव त्याच टेकाडाची माती नेतं, हे केडगावच्या बाईंना कुठून ठाऊक?

पण मनकर्णाचा राग मात्र तेव्हाच कळला. "काय बगती गं टकामका? माती बगितली न्हाई कदी?" कोंबडी अंडं द्यायला चुकली तर तिच्या आजीपर्यंत उद्धार करणारी बाई ही. तरी का कोण जाणे, दोघींचं जमलं.

पुढच्या वैशाखात हीच मनकर्णा शाळेच्या दारात आली, अन् गप्प! बाई घाबरल्याच. तिनं बाईंना मनगट धरून टेकाडावर नेलं. कुदळ लागून माती सरकली होती. आत तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी, एकाला चीर गेलेली. चिरेतून दिसत होती बोटाएवढाली हाडं.

"लेकरू हाय," मनकर्णा म्हणाली. "दात न आलेलं आमी जाळत न्हाई, पुरतो. ह्यांनीबी तसंच केलंय." तिची स्वतःची दोन नदीच्या अंगाला पुरलेली, ते गावाला माहीत होतं. मग एकदम भडकली, अन् स्वतःवरच. "तीस वर्सं ही माती घरावर घातली मी! कुनाकुनाच्या लेकरांची उशी काढली आसंल!"

मडकी झाकून टाकायची, कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. पण बाई शिकलेल्या ना! त्यांनी नगरला पुराणवस्तू खात्याच्या साहेबांना कार्ड टाकलं. पंधरा दिवसांत जीप हजर.

साहेब उतरले ते बुटासकट थेट टेकाडावर. मनकर्णानं आधी बाईंकडं बघितलं. ते बघणं बाईंना अजून बोचतं.

"तू कागुद धाडला व्हय?"

"मावशी, मला वाटलं..."

"तुला वाटलं. लेकराच्या आईला काय वाटलं आसंल, इचारलं तिला?" अन् मग साहेबांकडं वळली. "ओ! बूट काढा."

साहेब हसले. "मावशी, मी जपान फिरून आलोय. तिथं जुन्या राजांच्या कबरींवर ही एवढाली टेकाडं रचलीत. भोवती खंदक, वर झाडी. हजार दीड हजार वर्षं झाली."

"त्येच्यावर चढला व्हता?"

"छे, चढू देत नाहीत. खंदकाबाहेरूनच हात जोडायचे."

"मग हितं का चढला? राजाचं न्हाई म्हनून?"

साहेबांचा चेहरा पडला. बूट काढून उभे राहिले बिचारे, उन्हात पाय भाजत.

मडकी इथंच मातीआड राहावीत, एवढंच तिचं म्हणणं. साहेब आता नरमाईनं म्हणाले, "मावशी, ठेवली तरी पुढच्या वैशाखात दुसऱ्या कुणाची कुदळ बसेल." मनकर्णानं गावाकडं बघितलं. सगळी माळवदं पांढरीफेक. गावाला माती नेऊ नका म्हणावं, तर पाऊस काय तिच्या शब्दानं थांबणार होता? तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "न्या."

साहेबांनी दोन्ही मडकी एकत्र गोणपाटात बांधून घेतली. डायव्हरनं मागं स्टेपनीशेजारी जागा केली. मनकर्णा जीपच्या आडवी आली.

"हितं न्हाई."

"गवत घालून ठेवतो ना."

"गवतात आंबं ठेवत्यात. मांडीवर घ्या."

"नगरपर्यंत? अहो, तीन तास!"

"तुमचं लेकरू स्टेपनीजवळ टाकून नेता का?"

"मावशी, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे!"

"मग? तीन हजार वर्सांत थोर झालं का ते?"

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाई कशाला मध्ये पडतात! त्या चपलेचा अंगठा निरखत उभ्या. डायव्हर तोंड फिरवून हसत होता. शेवटी साहेब पुढच्या सीटवर बसले, गोणपाट मांडीवर घेतलं, वर हनुवटी टेकली.

"दोनी हातांनी," मनकर्णा खेकसली.

साहेबांनी दुसरा हातही लावला. जीप सुरू झाली, तशी आतून त्यांचाच आवाज आला, "हळू घे रे, पुढं खड्डा आहे."